बुडीत आणि बॅकवॉटर

मागच्या महिन्यात आमच्या नांदेडला एका मंगल कार्यालयात घरांचे प्रदर्शन भरले होते. लग्नाच्या तिथी नसल्या की या कार्यालयात कधी साड्यांचा सेल लागतो, कधी लोणची-पापडांचे स्टॉल. या खेपेला डोंगर विकायला आले होते! दारात गुलाबपाणी, आत थंडगार एसी आणि प्रत्येकीच्या हातात एक गुळगुळीत कागदाचे पुस्तक. पहिल्याच पानावर हिरवागार डोंगर, त्याच्या पायथ्याशी निळेशार पाणी, आणि पाण्याकडे तोंड करून खुर्चीत बसलेली एक बाई. हातात चहाचा कप. बाई एकटीच. आजूबाजूला ना भांडी, ना लेकरं, ना दारावर दूधवाला. मी तो फोटो चांगली पाच मिनिटे बघत उभी होते, खोटं कशाला सांगू?

मी तिथे हौसेने गेले नव्हते. लातूरहून वन्संचा फोन आला होता. "वहिनी, हेच लोक पुढच्या आठवड्यात आमच्याकडे यायलेत. तुम्ही जरा बघून या ना. तळ्याकाठचा प्लॉट आहे म्हणे, बॅकवॉटर टच. ह्यांची ग्रॅच्युइटी आलीय. बँकेत ठेवून काय व्याज मिळायलंय? आणि माझ्या नावावर घ्यायचं म्हणतेत."

शेवटचे वाक्य वन्सं जरा हळू बोलल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या नावावर एक गॅसचे कार्ड सोडले तर काही नाही. त्यामुळे त्यांना एकदम 'कशाला या भानगडीत पडता' असे म्हणवेना.

आणि लातूरच्या बाईला तळ्याचे वेड लागले तर त्यात नवल काय? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तो दिवस कोण विसरेल? दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी, आणि ते बघायला स्टेशनवर ही गर्दी! मांजरा धरण कोरडे पडले होते. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत बायकांनी रात्री काढल्या. त्या वर्षी आम्ही लातूरला पाहुणे म्हणून गेलो की मिठाईच्या पुड्याऐवजी पाण्याचा कॅन नेत होतो. ज्या बाईने घागरी मोजून पाहुण्यांची अंघोळ उरकली, तिला कुणी खिडकीतून दिसणारे तळे दाखवले तर तिचा जीव हरखणारच. विकणाऱ्यांनाही ते बरोबर माहीत आहे. हे पुस्तक त्यांनी पुण्या-मुंबईत वाटले असेलच, पण आमच्याकडे आणताना पानाच्या वर मोठ्या अक्षरात छापले होते, 'बाराही महिने पाणी'.

हे सगळे आत्ताच का निघाले? उत्तर सातारा जिल्ह्यात आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाभोवती 'नवीन महाबळेश्वर' वसवायचे राज्य सरकारने ठरवले आहे. काम रस्ते विकास महामंडळाकडे दिलेले आहे. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतली २३५ गावे त्यात धरून २०२४ मध्ये प्रारूप आराखडा लोकांपुढे ठेवला गेला. जुने महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झालेले आहे, तिथे बांधकामावर बंधने आहेत. मग गर्दी शेजारच्या खोऱ्यात सरकणारच. सरकारचे काम आराखड्यावर होते तेव्हाच जमिनीचे व्यवहार मात्र कितीतरी पुढे पोचले होते. कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावची सुमारे ६२० एकर जमीन बड्या मंडळींनी घेतल्याचे प्रकरण २०२४ मध्येच गाजले आणि त्याची चौकशी लागली. आपल्याकडे दलालाला बातमी आधी कळते आणि गावकऱ्याला शेवटी, तसेच हे.

पण वन्संना सांगताना मी नवीन महाबळेश्वरपासून सुरुवात केली नाही. मी लवासापासून केली. कारण तिथे काय झाले ते आपल्यासमोर आहे.

लवासा माहीत नाही अशी बाई विरळाच. निदान कुणाच्या तरी लग्नाआधीच्या फोटोत तरी पाहिलेले असते. पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, मुळशीच्या डोंगरात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी. २००१ मध्ये सरकारने इथल्या १८ गावांचा भाग गिरिस्थानासाठी जाहीर केला. इंग्रजांनी महाबळेश्वर, माथेरान वसवले. आता स्वतंत्र भारतातले पहिले डोंगरावरचे शहर आपण वसवू, अशी त्याची जाहिरात होती. दासवे गावाचा काठ इटलीतल्या पोर्टोफिनो या बंदरगावासारखा बांधला. आम्ही २०१९ मध्ये दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. नारिंगी, पिवळ्या, विटकरी इमारतींची रांग पाण्यात उतरलेली दिसते. देखणे आहे, नाही कशाला म्हणू? लेकरांनी दोनशे फोटो काढले. मी मात्र मागच्या बाजूला बघत होते. डोंगरउतारावर नुसते सिमेंटचे खांब उभे, वर आलेल्या सळया गंजलेल्या. घर बांधायला काढून पैसे संपलेल्या माणसाचे अंगण दिसते ना, तसे. फक्त हे अंगण डोंगराएवढे!

तिथे झाले असे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावले. जयराम रमेश तेव्हा मंत्री होते. केंद्राची पर्यावरण परवानगी घेतलेली नाही, हा आक्षेप होता. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याला अटी घालून परवानगी मिळाली. काम वर्षभर थांबले, पण व्याज थोडेच थांबते? ते कंपनीचेही चालू आणि घर बुक करणाऱ्यांच्या हप्त्याचेही चालू. पुढे गाडी रुळावर आली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीसाठी मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणात दाखल झाले.

दिवाळखोरी हा शब्द आपण सहज वापरतो. कायद्यात तिचा अर्थ वेगळा आहे, आणि तो बायकांनी नीट समजून घ्यावा असे मला वाटते. भिशी चालवणारी बाई गाव सोडून गेली तर काय होते? सगळ्या जणी तिच्या दारात गोळा होतात. मग घरात जे फ्रिज, टीव्ही, कपाट उरले असेल त्याची वाटणी. पण ज्याने तिला कपाट गहाण ठेवून पैसे दिले तो म्हणतो, कपाट आधी माझे. इथे तो कपाटवाला म्हणजे बँक. घर बुक करणारी माणसे पूर्वी या रांगेत कुठे धरतच नव्हते. २०१८ मध्ये कायद्यात बदल झाला आणि त्यांना बँकांसारखेच धनको मानून मत देण्याचा हक्क मिळाला. चांगलेच झाले. पण रांगेत नाव लागले म्हणजे ताटात वाढले असे नव्हे.

लवासाचेच आकडे बघा. जुलै २०२३ मध्ये एका कंपनीची १,८१४ कोटींची योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली. मान्य झालेले एकूण दावे होते ६,६४२ कोटींचे. त्यात घर घेणारे ८३७ जण, त्यांचे दावे ४०९ कोटींचे. त्यांना काय मिळणार होते? पैसे नव्हे, घर. तेही पर्यावरणाची परवानगी मिळाल्यापासून पाच वर्षांत, आणि बांधकामाचा प्रत्यक्ष खर्च भरून! बरे, तेही राहिले. ठरलेले पैसे वेळेत न भरल्यामुळे २०२४ मध्ये ती मंजुरीच रद्द झाली आणि पुन्हा नवा घेणारा शोधायची वेळ आली. जिने २००९ मध्ये मूल बालवाडीत असताना बुकिंग केले असेल, तिचे ते मूल एव्हाना कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला येऊन ठेपले. खिडकीतून तळे बघायचे राहूनच गेले.

यात तुम्ही म्हणाल, 'ही सगळी पैसेवाल्यांची दुखणी. आपल्याला काय त्याचे?' मलाही तसेच वाटत होते. पण आमच्या बचत गटातली एक जण आहे. तिच्या नवऱ्याने असेच एका डोंगरातल्या वसाहतीत फ्लॅट बुक केला होता. हे लवासा नव्हे, दुसरेच ठिकाण. नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलगा पुण्याला शिकेल, सुट्टीत सगळे तिथे राहू, नाहीतर भाड्याने देऊ, असा हिशेब. पहिल्या हप्त्यासाठी हिच्या पाटल्या मोडल्या. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नवरा गेला. पुढच्या वर्षी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कागदे कोंबून माझ्याकडे आली. दशक्रियेच्या खर्चाच्या पावत्या, लाइट बिले, मुलाचा दाखला आणि त्यातच ही कागदे. करार होता तो शंभर रुपयांच्या बाँडवर, रजिस्ट्री नाही. नाव एकट्या नवऱ्याचे. सात हप्त्यांपैकी चारच पावत्या सापडल्या, बाकीचे रोख. कंपनी दिवाळखोरीत गेल्याची आणि दावे मागवल्याची जाहीर नोटीस पेपरात येऊन गेली होती. ती नोटीस कुठल्या बाईने वाचली असेल सांगा! आपण पेपर वाचतो तो भविष्य, पाककृती आणि ही पुरवणी. आम्ही वारस दाखल्यासाठी फिरलो, बँकेतून जुने स्टेटमेंट काढले, उशिराने का होईना दावा पाठवला. अजून काही उत्तर नाही. मी तिला सहज विचारले, "फ्लॅट होता तरी कसा?" ती म्हणाली, "मी कुठं बघितलाय? ते एकटेच जाऊन आलते."

तेव्हापासून तळ्याकाठच्या घराची कुठलीही जाहिरात दिसली की मला त्या पाटल्या आठवतात.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती जाहिरातीच्या पुस्तकात नसते. त्या पुस्तकात डोंगर होता, पाणी होते, पण एकही गाव नव्हते. जणू देवाने काल रात्रीच ही जागा तयार करून ठेवली आणि आज सकाळी विक्रीला काढली! महाराष्ट्राच्या डोंगरातली अशी बहुतेक मोठी तळी देवाने केलेली नाहीत. ती धरणे आहेत. आणि धरण म्हणजे खाली कुणाचे तरी शेत, कुणाची चूल, कुणाच्या माहेरची वाट बुडालेली. सरकारी कागदात त्याला 'बुडीत क्षेत्र' म्हणतात. त्याच पाण्याचा काठ विकायला काढला की त्याचे 'बॅकवॉटर' होते. पाणी तेच, फक्त शब्द बदलला की गुंठ्याचा भाव बदलतो.

वरसगाव धरण मोसे नदीवर आहे. पुण्याला पाणी पाजणाऱ्या धरणांपैकी ते एक. ते झाले तेव्हा नदीकाठची भातखाचरे पाण्यात गेली. वर उतारावरची नाचणी-वरईची जमीन, आंबा, करवंदाच्या जाळ्या उरल्या. मग पर्यटननगरी आली आणि उरलेले तेही गेले. जमिनी कवडीमोलाने घेतल्या, मुखत्यारपत्रे करून परस्पर विकल्या, सीलिंगमध्ये भूमिहीनांना मिळालेल्या जमिनीही व्यवहारात आल्या, अशा तक्रारी तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे केल्या. मुगाव आणि आसपासच्या बायका मेधा पाटकरांबरोबर रस्त्यावर उतरल्या. कृष्णा खोरे महामंडळाने धरणाकाठची १४१ हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने देऊन टाकली, त्यावर महालेखापालांनीही ताशेरे मारले. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल दिला. त्यात कायद्यातल्या बदलांवर आणि ती जमीन देण्याच्या पद्धतीवर टीका आहे. पण याचिका फार उशिरा आली, तोवर तिथे एवढे उभे राहिले, आता ते मागे फिरवता येत नाही, असे म्हणून न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही.

उशीर का होतो, हे कोर्टाला विचारू नका, बाईला विचारा. जमिनीच्या व्यवहारात तिला बोलावतात ते शेवटच्या दिवशी, अंगठा द्यायला. सातबाऱ्यावर नाव असेल तर! शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली, १९९२ मध्ये सरकारनेही बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावायला आदेश दिला. आपल्या नांदेड-लातूरच्या किती घरांत ते लागले, हे ज्याचे त्याने तलाठ्याकडे जाऊन बघावे. आमच्या घरचे मीही गेल्या वर्षीच बघितले. (नाव नव्हते. आता आहे. त्यासाठी घरात झालेले महाभारत पुन्हा कधीतरी सांगेन.)

बुडीताचे दुःख बघायला आपल्याला मुळशीला जायची गरज नाही. आमच्या मुखेड तालुक्यात लेंडीचा प्रकल्प आहे. १९८६ पासून चाललेला. लेकरांची लग्ने होऊन नातवंडे आली, पुनर्वसनाची भांडणे संपली नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला. हसनाळ, रावणगाव, भासवाडी या गावांत रात्रीतून पाणी शिरले. लष्कराला बोलवावे लागले. हसनाळला माणसे दगावली, त्यात बायका होत्या. आम्ही चार दिवसांनी धान्याची किट घेऊन गेलो, तेव्हा जिकडे तिकडे ताडपत्रीवर भिजलेली ज्वारी पसरलेली आणि तिचा आंबूस वास. एका घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. तिथून पाण्याचा काठ अगदी जवळ दिसत होता. जाहिरातवाल्यांच्या भाषेत बोलायचे तर 'लेक व्ह्यू'च होता तो.

वन्संना हे सांगितल्यावर त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण वहिनी, आपण तर डोंगरावर घ्यायलोत. वर पाणी कशाला येईल?"

बरोबर आहे. वर पाणी येत नाही, वरून दरड येते. लवासातच जुलै २०२४ च्या पावसात दरड कोसळली आणि बंगले मातीखाली गेले. आपल्या लातूरला वर्षाला सातशे-आठशे मिलीमीटर पाऊस पडला तर आपण देवाला नारळ फोडतो. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे पडतो! आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे भजी आणि गारवा. तिथे पाऊस म्हणजे चार महिने कपडे वाळत नाहीत, गादीला बुरशी, पिठाला वास आणि घाट बंद झाला तर सिलिंडर यायचा नाही. दुखलेखुपले तर दवाखाना कुठे, रात्री गाडी मिळेल का, हे साठीच्या माणसाने आधी विचारायचे की चहाच्या कपाचा फोटो बघायचा? उतार खणून सपाट केला, झाडे काढली की माती धरून ठेवायला काही उरत नाही. हे काही आजचे ज्ञान नव्हे. नैनीतालला, असेच डोंगरातल्या तळ्याकाठी वसवलेल्या गावात, १८८० मध्ये दरड कोसळून १५१ माणसे गेली.

आणि आणखी एक गोष्ट, जी खास लातूरच्या माणसाला सांगायलाच हवी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. मी तेव्हा शाळेत होते. गणपती आदल्या दिवशी बोळवलेले. नांदेडातही भांडी खणखणली, आम्ही सगळे रस्त्यावर. सकाळी किल्लारीचे नाव रेडिओवर ऐकले. तशीच एक पहाट कोयनानगरने ११ डिसेंबर १९६७ ला बघितली आहे. तोही भूकंप, तोही अंधारात, लोक झोपेत असताना. मोठ्या धरणात पाणी साठल्यामुळे होणाऱ्या भूकंपाचे उदाहरण म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचे नाव घेतात. ज्या जलाशयाकाठी नवे गाव वसवायचे चालले आहे, तोच हा जलाशय. म्हणून तिथे कुणी राहूच नये असे मी म्हणत नाही, लाखो माणसे राहतात. पण किल्लारीची दगड-मातीची घरे ज्यांनी पाहिली, त्यांनी उतारावर खांब उभारून बांधलेल्या बंगल्याचा भूकंपाचा दाखला तरी मागावा.

कोयनेच्या धरणग्रस्तांचे तर काय सांगावे! १९६० च्या आसपास उठलेली माणसे सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यापर्यंत विखुरली. अजून पर्यायी जमिनीसाठी भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर त्यांची आंदोलने होतात. म्हणजे ज्यांचे बुडाले त्यांना साठ वर्षांत गुंठा मिळत नाही, आणि आपल्याला मात्र नांदेडच्या मंगल कार्यालयात एसीत बसून तीन गुंठे मिळतात. हिमाचल प्रदेशात बाहेरच्या माणसाला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. १९७२ पासून तसा कायदा आहे. आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते एवढे बंधन आहे. पण मराठवाड्यातल्या कुठल्या घरात सातबारा नाही? त्यामुळे आपण 'शेतकरी' म्हणून बिनधास्त तिथे शेतजमीन घेऊ शकतो. प्रदर्शनातला मुलगा मला हेच अगदी कौतुकाने सांगत होता, "ताई, तुम्ही तर शेतकरी! तुम्हाला काहीच अडचण नाही."

मी त्याला बसवून घेतले आणि विचारायला लागले. प्लॉट बिनशेती झालाय का? त्याचा आदेश दाखवा. महारेराचा नंबर काय? (२०१७ पासून पाचशे चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पाला, मग तो प्लॉटचा का असेना, ही नोंदणी लागते. त्यांच्या वेबसाइटवर नंबर टाकला की सगळे दिसते, आपल्या लेकरांना दोन मिनिटांचे काम.) करार रजिस्टर होण्याआधी किंमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत, हे त्याला माहीत होते; पण त्याच्या पत्रकात पंचवीस टक्के लिहिलेले होते. मी बोट ठेवले तर म्हणाला, "ती ऑफर आहे ताई."

मग म्हणाला, बाईच्या नावावर घेतले की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ते खरे आहे, २०२१ पासून आहे. पण ती राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. मला त्याची दयाच आली. विशीतला पोरगा, कमिशनवर काम करणारा, आपल्याच कंधार-लोह्याकडचा असावा बोलण्यावरून. त्याने स्वतःही ते तळे बघितले नव्हते.

शेवटी मी विचारले, "ही जमीन आधी कुणाची होती? जुने फेरफार दाखवता का?" त्यावर तो आत गेला आणि साहेबांना घेऊन आला. साहेब म्हणाले, "मॅडम, कोणाचीतरी असणारच की. सगळं क्लिअर करून घेतलंय." कोणाची तरी! मला एवढेच हवे होते. फेरफारात नावे असतात. कोणी केव्हा विकली, वारस म्हणून बहिणींची नावे लागली होती का, त्यांची सही आहे का, हे सगळे त्यात दिसते. डोंगरातल्या एखाद्या बाईने दहा वर्षांनी 'माझी सही नाही' म्हणून दावा लावला, तर ती समोर उभी राहणार आपल्या वन्संच्या. दोघीही बायका, दोघींचीही फसवणूक, आणि मधला मोकळा.

वन्संना मी सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, पण खूशही झाल्या नाहीत. "मग काय, आमच्यासारख्यांनी कधी तळं बघूच नये का?" असे म्हणाल्या. त्यांचेही चुकीचे नाही. मी म्हटले, दरवर्षी पंधरा दिवस जाऊन राहा की, कुणी तिथल्याच बाईने खोल्या काढल्या असतील तिच्याकडे. आणि नावावरच करायचे असेल तर भावजींना म्हणावे, राहते घर आहे ना लातूरचे, त्यावर आधी नाव लावा. यावर फोनवर जी शांतता पसरली, ती मला फार काही सांगून गेली. ग्रॅच्युइटीचा प्लॉट बायकोच्या नावावर करायला निघालेल्या भावजींना राहत्या घराचे कसे जमेल, ते त्यांचे त्यांनी बघावे. वन्संनी विषय काढलाय, एवढे मला कळले आहे.

प्रदर्शनातल्या मुलाचा मात्र परवा पुन्हा फोन आला. "ताई, कागदाचं राहू द्या. आधी साईट तर बघा. आपली बस आहे, जेवण फ्री, पुढच्या रविवारी निघतीय."

म्हटलं, "येते की. पण जुलैमध्ये काढा ना बस. पाऊस कसा असतो ते बघायचंय."

"जुलैमध्ये नाही जमत ताई," तो म्हणाला, "पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद असतो."